ज्या नावापाशी लेखणी थांबते

शास्त्रवाचन : २ शमुवेल ३:१२-१६, मत्तय ५:२३-२४, रोम १२:१४-१८



लग्नपत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी घरातली एक जुनी वही बाहेर काढली जाते. आजोळची माणसे, सोयरे, शेजारी, कचेरीतले सहकारी, मंडळीतील कुटुंबे, पाळकसाहेब अशी नावे ओळीने लिहिली जातात. कोणी राहून गेले तर रुसवा येईल, म्हणून यादी पुन्हा वाचली जाते. अलीकडे कित्येक घरांत या वाचनात एका नावापाशी लेखणी थांबते. ते नाव कधी वधूच्या पित्याचे असते, कधी वराच्या आईचे. ते माणूस एकेकाळी याच घरात नांदलेले असते आणि न्यायालयाच्या निकालानंतर या घराबाहेर गेलेले असते. बोलवावे तर मन धजत नाही; न बोलवावे तर लेकरू खिन्न होते. मग कोणी म्हणते, आपण ख्रिस्ती माणसे, आपण क्षमा केली पाहिजे. दुसरे कोणी म्हणते, झाले ते झाले, आता त्या माणसाचा आपला संबंध काय? दोन्ही वाक्ये फार सहज बोलली जातात, आणि दोन्ही बोलणाऱ्यांना आपल्या पाठीशी पवित्र शास्त्र आहे असे वाटते. ते खरोखर आहे काय, हे पाहण्यासाठी आजचे मनन आहे.

आपल्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न क्वचितच पडला. भारतातील ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. त्यात पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला म्हणजे पुरे होई; पत्नीला मात्र बहुतेक प्रसंगी व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीची सोय तर त्यात नव्हतीच. २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा स्त्रीपुरुषांना सारखी कारणे मिळाली आणि परस्परसंमतीचे कलमही आले. तोपर्यंत ज्यांचे पटत नसे, ती जोडपी कागदावर विवाहित राहून वर्षानुवर्षे वेगळी राहत. 'ती माहेरी असते,' एवढेच लोक म्हणत आणि पुढचे विचारत नसत. बोलावणे तिच्या भावाच्या पत्त्यावर जाई आणि ती आली की नाही हे सगळे पाहत. आता मात्र आपल्या मंडळ्यांत, मुंबई-पुण्यात तसेच इंदूर, बडोदे, दिल्ली, बंगळूर येथे नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या कुटुंबांतही, रीतसर विभक्त झालेली माणसे आहेत. त्यांची मुले मोठी झाली आहेत आणि त्या मुलांची लग्ने निघाली आहेत.

घटस्फोट योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. त्याविषयी प्रभूचे बोलणे मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पष्ट आहे आणि ते सैल करण्याचा माझा मानस नाही. परंतु घर मोडल्यावरही माणसे जगत राहतात आणि मेजवान्या होत राहतात.

प्रथम शब्दाचा विचार करू. अनुवादकाला ती खोडच असते. वर्तमानपत्रे 'माजी पती' असे लिहितात, 'माजी सरपंच' लिहावे तसे. जणू नवरेपण ही पाच वर्षांच्या मुदतीची जागा आहे! तरुण मंडळी 'एक्स' म्हणून मोकळी होतात. हिब्रू शास्त्राने मात्र निराळाच शब्द निवडला आहे. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात ती स्त्री परत जाण्याचे मनात आणते तेव्हा ती 'ईशी हारिशोन' असे म्हणते, म्हणजे माझा पहिला पती. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातील सूटपत्राच्या नियमातही हाच 'पहिला' आहे. पहिला म्हणण्यात मोजदाद आहे. जे घडले ते पुसलेले नाही. त्याच वेळी अनुवादातील तो नियम असेही सांगतो की, दुसऱ्याची झालेली स्त्री पहिल्याने पुन्हा आपली करून घेऊ नये. भूतकाळ नाकारायचा नाही आणि त्यात परत शिरायचेही नाही. बोलावणे पाठवताना या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आता शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील एका फार थोडक्या वृत्तान्ताकडे वळू. शौलाची मुलगी मीखल हिचे दाविदावर प्रेम होते; एखाद्या स्त्रीने एखाद्या पुरुषावर प्रेम केल्याची इतकी सरळ नोंद शास्त्रात विरळा. दावीद जीव वाचवून पळाला आणि शौलाने तिला लईशाचा पुत्र पालटीएल याला देऊन टाकले. वर्षे लोटली. शौल पडला, राज्य दाविदाकडे वळू लागले, आणि अबनेराशी बोलणी करताना दाविदाने अट घातली की माझी बायको मला आणून द्या. त्याने आपला हक्क सांगितला. तिच्यासाठी मोजलेली किंमतही सांगितली. ईश-बोशेथाने माणसे पाठवून तिला आणवले. तिचा नवरा पालटीएल तिच्या मागोमाग रडत रडत बहूरीमपर्यंत गेला. अबनेराने त्याला परत फिर म्हणून सांगितले आणि तो परत फिरला. शास्त्र त्याच्याविषयी पुढे काहीच सांगत नाही.

या सगळ्यात मीखल एक शब्दही बोलत नाही. तिला कोणी विचारले नाही. शौलाने तिला दिले, दाविदाने मागितले, ईश-बोशेथाने पाठवले, अबनेराने पोहोचवले. चार पुरुषांनी आपसात व्यवहार केला. पुढे सहाव्या अध्यायात ती खिडकीतून दाविदाकडे पाहते, तेव्हा तिच्या अंतःकरणात तिरस्कार असतो. आरंभीच्या प्रीतीचे काय झाले, याचे उत्तर बहूरीमच्या त्या रस्त्यावर शोधावे असे मला वाटते.

म्हणून वहीतल्या त्या नावापाशी लेखणी थांबली की पहिला विचार हा करावा : या घरातील मीखल कोण? कोणाला न विचारता ही यादी बनत आहे? बहुधा यादी करतो तो खर्च करणारा. वडीलधारा काका किंवा मामा. 'समाजात बरे दिसत नाही' म्हणून तो एक नाव घालतो, किंवा 'आमच्या घराण्याची अब्रू' म्हणून एक नाव खोडतो. ज्या बाईने त्या माणसाबरोबर पंधरा वर्षे काढली आणि पुढची दहा वर्षे एकटीने मुले वाढवली, तिला शेवटी कळते. आणि जिचे लग्न, तिला तर कधी कधी पत्रिका छापून आल्यावर कळते.

मग क्षमेचे काय? इथे एका ग्रीक क्रियापदाची ओळख करून देण्याचा मोह मी आवरत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ऋणांची क्षमा मागताना 'आफिएमी' हे क्रियापद येते. याच क्रियापदाने पेत्र व अंद्रिया आपली जाळी टाकून येशूच्या मागे जातात. याच क्रियापदाने पेत्राच्या सासूचा ताप तिला सोडून जातो. शोमरोनी स्त्री विहिरीवर आपली घागर ठेवून गावात धावते, तेही याच क्रियापदाने. वेदीपाशी आलेल्या माणसाने आपले दान तेथेच ठेवावे असे प्रभू म्हणतो, तेव्हाही हेच. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पतीने पत्नीला टाकू नये असे पौल लिहितो, तेव्हा 'टाकणे' यासाठीही हाच शब्द आहे. क्षमा करणे आणि बायको टाकणे, दोहोंसाठी एकच क्रियापद! मराठीत आणताना या एका शब्दाला अर्धा डझन रूपे द्यावी लागतात. आपले 'सोडणे' मात्र त्याच्या बरेच जवळ जाते : आपण कर्ज सोडतो, राग सोडतो, गाव सोडतो, हातातले काम सोडतो, आणि दुर्दैवाने माणूसही सोडतो.

या शब्दाच्या पोटात पाहिले म्हणजे क्षमेचा एक अर्थ उलगडतो. माझ्या मुठीत तुझे जे देणे आहे ते मी सोडून देतो. तुझ्यावरचा माझा दावा आता उरला नाही. सावकाराने कर्जाचा कागद फाडला म्हणजे ऋणको मोकळा झाला. त्यानंतर ऋणकोने सावकाराच्या घरी जेवायला गेलेच पाहिजे किंवा सावकाराने त्याला पंक्तीला बसवलेच पाहिजे, असे त्या कागद फाडण्यातून निघत नाही. बोलावण्यासाठी नव्या करारात निराळे क्रियापद आहे : 'कालेओ', हाक मारणे. लूकाच्या चौदाव्या अध्यायातील मेजवानीत ते पुन्हा पुन्हा येते. एखादी भगिनी आपल्या पहिल्या पतीला मनापासून क्षमा करून बसली असेल आणि तरीही त्याला समारंभाला न बोलावण्याचे ठरवील. अशा वेळी 'तुझी क्षमा खोटी' असे तिला म्हणण्याचा अधिकार मंडळीतील कोणालाही नाही. उलट, गावाला दाखवण्यासाठी बोलावणे पाठवले आणि मूठ वळलेलीच ठेवली, असेही घडते.

मत्तय ५:२३-२४ हा भाग या संदर्भात हटकून सांगितला जातो, आणि माझ्या मते बहुधा उलटा सांगितला जातो. वेदीपाशी दान घेऊन आलेल्या माणसाला तिथे काय आठवते? आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, हे. म्हणजे ज्याच्यामुळे दुसरा दुखावला, त्याने उठून जायचे आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र जिला दुखावले तिलाच उठवले जाते : तू मोठे मन कर, तू पहिले पाऊल टाक. मोठे मन करणे तिच्या इच्छेचा भाग असेल तर ती धन्य. पण या वचनाची आज्ञा तिला नाही. ती त्याला आहे.

येथे एक कठोर गोष्ट बोलणे भाग आहे. जिथे मारहाण झाली, जिथे मुलांच्या अंगावर हात गेला, तिथे निमंत्रणाचा प्रश्न क्षमेच्या नावाखाली पुढे आणू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ सालचा कायदा आहे. त्याखाली न्यायाधीशाने दूर राहण्याचा आदेश दिला असेल, तर मंडळीच्या वडिलांनी तो आदेश पाळण्यास मदत करावी. 'लग्नाच्या दिवशी काय होणार आहे?' असे म्हणून तो वळसा घालून टाळू नये. काही उपदेशक अशा स्त्रीला लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण देतात. ते उदाहरण तिथे लागू पडत नाही. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर पतिपत्नी काही वर्षे दुरावली आणि पुन्हा एकत्र आली, हे खरे. पण त्यांचा दुरावा श्रद्धेच्या बदलातून व समाजाच्या धाकातून आला होता, आणि परत जाण्याचा निर्णय लक्ष्मीबाईंचा स्वतःचा होता. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले आहे त्यांना त्या बाईंच्या मतावर दुसऱ्याचे मत चढवणे किती कठीण होते हे ठाऊक आहे.

बोलावण्यामागचा हेतू तपासण्यासाठी अबशालोमाची मेजवानी वाचावी. अम्नोनाने तामारेवर बळजोरी केली. दावीद रागावला, पण त्याने केले काहीच नाही. अबशालोम अम्नोनाशी बरे वा वाईट काही बोलला नाही. पुरी दोन वर्षे. मग बाल-हासोर येथे मेंढरांची लोकर कातरण्याचा समारंभ आला आणि त्याने सर्व राजपुत्रांना बोलावले. अम्नोनाचे नाव निघाले तेव्हा दाविदाने विचारले की, त्याने तुझ्याबरोबर का जावे? प्रश्न अगदी योग्य होता. पण अबशालोमाने आग्रह धरला आणि उत्तर न मिळताच दाविदाने होकार दिला. पुढचे आपणांस ठाऊक आहे.

आपल्याकडे सुरी निघत नाही; पण सूड उगवण्याचे सभ्य मार्ग असतात. तुझ्यावाचून आमचे काही अडले नाही हे त्याने डोळ्यांनी पाहावे, म्हणून बोलावणे. नव्या सुनेच्या माहेरच्यांसमोर त्याला मागच्या रांगेत बसवता यावे, म्हणून बोलावणे. त्याच्या दुसऱ्या बायकोचे नाव गाळून केवळ त्याच्या एकट्याच्या नावे पत्रिका पाठवणे, हाही त्यातलाच प्रकार. आणि न बोलावण्यातही सूड असू शकतो, विशेषतः आपल्या मुलाचे लग्न झाल्याचे पित्याला तिऱ्हाइताकडून कळावे अशी व्यवस्था केली जाते तेव्हा. दाविदाचा प्रश्न आपण स्वतःला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे : त्याने का यावे?

मोडलेल्या साखरपुड्याविषयी दोन वाक्ये पुरेत. मरीयेला सोडण्याचे योसेफाच्या मनात आले तेव्हा तिची नाचक्की होऊ नये म्हणून त्याने ते गुपचूप करण्याचे ठरवले. आणि शास्त्र त्याला नीतिमान म्हणते ते याच वाक्यात. सर्व हकीकत कळण्यापूर्वी, आपण फसवले गेलो अशा समजुतीत असतानाही, त्याने तिची अब्रू राखली; म्हणून त्याच मंडळीत राहणाऱ्या त्या दोन तरुणांना नाताळच्या मेळाव्यात एकमेकांसमोर यावे लागणार असेल, तर कुजबुज थांबवण्याचे काम आपले आहे, त्यांचे नव्हे.

मुलांचा विचार मात्र सावकाश करावयास हवा. पती 'पहिला' होऊ शकतो; बाप पहिला किंवा दुसरा होत नाही. न्यायालय विवाह मोडते, पितृत्व मोडत नाही. आपल्या कॅथलिक बांधवांच्या व्यवस्थेतही हेच दिसते. धर्मप्रांताच्या न्यायासनाने एखादा विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला, तरी त्या विवाहातील मुले औरसच राहतात. त्यांच्या आईबापांचे नाते पुसले म्हणून त्यांचे पुसले जात नाही.

उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात एक मेजवानी आहे. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी केली. हागार आणि इश्माएल त्याच घरात होती. इश्माएल हसताना साराला दिसला. ते खेळणे होते की चिडवणे, याविषयी अनुवादकांचे एकमत नाही; हिब्रू शब्द दोन्हीकडे झुकतो, आणि तो इसहाकाच्या नावाच्याच धातूपासून झाला आहे. साराला ते चिडवणे वाटले. मांडवात ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांना हे नवे नाही. एका कोपऱ्यात कोणी हसले आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोणाला ते लागले, एवढ्यावर पंक्ती उठल्या आहेत. अब्राहामाला त्या मुलामुळे फार वाईट वाटले, असे शास्त्र सांगते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे भाकर आणि पाण्याची मसक देऊन त्याने मायलेकरांना वाटेला लावले. रानात पाणी संपले. आणि देवाने कोणाची वाणी ऐकली? तिथे शास्त्र मुलाचे नाव घेते. रडली ती आई, पण देवाने ऐकली ती मुलाची वाणी. इश्माएल या नावाचा अर्थच 'देव ऐकतो' असा आहे.

अब्राहाम एकशे पंचाहत्तर वर्षांचा होऊन मरण पावला, म्हणजे त्या मेजवानीनंतर सत्तर वर्षे उलटून गेली होती. त्याला मकपेलाच्या गुहेत कोणी पुरले? इसहाक व इश्माएल या त्याच्या पुत्रांनी. मेजवानीत जे दोघे एकत्र राहू शकले नाहीत ते कबरेपाशी एकत्र उभे राहिले. आपल्याकडेही मौतीला बोलावणे लागत नाही. दुरावलेला माणूस येतो, कंपाउंडपाशी उभा राहतो, आणि लोक न बोलता त्याला वाट देतात. मग मूठभर माती टाकण्यापुरते जे आपल्याला जमते, ते लेकराच्या आनंदाच्या दिवशी तासभर जमेल का, एवढेच विचारून पाहावे. कधी जमत नाही. ते कबूल करण्यात लाज नाही.

गतवर्षी मध्य भारतातील एका शहरातून एका भगिनीचे पत्र आले. मुलीचे लग्न ठरले होते. पती तेरा वर्षांपूर्वी विभक्त झालेला, पुनर्विवाहित, त्याच शहरात राहणारा. मारहाण नव्हती, दुसरी स्त्री होती, खोटे बोलणे होते, पैशांची चणचण होती. मुलीला वडील हवे होते. आई लिहिते की, मी त्यांना क्षमा केली आहे असे मला वाटत होते, पण पत्रिकेवर त्यांचे नाव लिहायची वेळ आली आणि माझा हात चालेना. मग माझी क्षमा खोटी होती का? या शेवटच्या प्रश्नासाठी तिने पत्र लिहिले होते. यादीचा प्रश्न तिने तळटीपेसारखा विचारला होता.

मी तिला आधी आफिएमीविषयी लिहिले. हात न चालणे म्हणजे मूठ वळलेली असणे नव्हे. मग लिहिले की, मंदिर आणि हॉल या दोन जागा वेगळ्या धरा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे चर्चमध्ये व्हायच्या विवाहाची सूचना तेथे दर्शनी ठिकाणी लावली जाते. अनेक मंडळ्यांत ती रविवारी वाचूनही दाखवतात, आणि कोणाची हरकत असल्यास कळवावे असे विचारतात. ख्रिस्ती विवाह हा मंडळीदेखत होणारा विधी आहे. त्याचे दार कोणाला बंद करण्याचा अधिकार वधूच्या आईलाही नाही, जसे प्रभुभोजनाच्या मेजावरून कोणाचे नाव खोडण्याचा अधिकार यजमान म्हणून आपल्याला नाही. ते मेज आपले नव्हे. बाप्तिस्म्याचेही तसेच : नातवंडाच्या बाप्तिस्म्याला आजोबा मागच्या बाकावर येऊन बसले तर त्यांना कोणी उठवू नये. हॉलमधील जेवण मात्र घरचे आहे. तिथे कोणाला हाक मारायची हे घरच्यांनी ठरवायचे, आणि त्यात तुमच्या मनाला जेवढे झेपेल तेवढेच कबूल करा.

पौलाने रोमकरांस लिहिताना सर्वांबरोबर शांतीने राहण्यास सांगितले, त्या आज्ञेला त्याने दोन कुंपणे घातली आहेत. एक, शक्य असेल तर. शक्य नसते असे प्रसंग प्रेषितालाही ठाऊक होते. दुसरे, तुमच्याकडून होईल तेवढे. मूळ ग्रीक शब्द आहेत 'तो एक्स ह्यूमोन', म्हणजे जे तुमच्यातून निघते ते. तरुण मंडळींचा 'एक्स' लॅटिनमधून इंग्रजीवाटे आला आहे आणि तो पौलाच्या या छोट्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोहोंचा अर्थ 'मधून, बाहेर'. आपण तो शब्द बाहेर गेलेल्या माणसाला चिकटवतो. पौल त्याच शब्दाने आपल्या आतून काय बाहेर पडते ते विचारतो. समोरचा येईल की नाही, आला तर कसा वागेल, हे त्या शब्दाच्या कक्षेत नाही.

त्या भगिनीने शेवटी असे केले. मुलीला समोर बसवून विचारले. मुलगी म्हणाली, वडील मंदिरात असावेत. मला वेदीपर्यंत मात्र आईने न्यावे. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून आईचे एकटीचे नाव छापले आणि मुलीच्या नावापुढे पित्याचे नाव जसे नियमाने येते तसे येऊ दिले. बोलावणे मुलीच्या हाती पाठवले नाही. आईबापांच्या मधला निरोप्या होण्याचे काम मुलांवर टाकू नये हे तिने आपणहून लिहिले, आणि ते मला फार पटले. तिने पतीच्या थोरल्या भावाला फोन केला, त्यांच्यामार्फत वेळ ठरवली, आणि पत्रिकेबरोबर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दिल्या : विवाहविधीला दोघांनीही यावे, जागा तिसऱ्या बाकावर ठेवली आहे, जेवणाचे बोलावणे सध्या माझ्याने होत नाही, राग मानू नये. त्याच्या पत्नीचे नाव पाकिटावर नीट लिहिले. मराठी माणसाला ही स्पष्टता उद्धटपणा वाटेल. 'या म्हटले की आलेच, जेवल्याशिवाय कसे पाठवायचे' अशी आपली रीत. पण अर्धवट बोलावण्याने, फोनवर पुढे ढकललेल्या छापील पत्रिकेने, जो गोंधळ आणि अपमान होतो, त्यापेक्षा या चार ओळी दोघांनाही अधिक मान देणाऱ्या आहेत असे मला वाटते.

तो आला. पत्नी आली नाही. विधी संपल्यावर नोंदवहीत सह्या झाल्या, तेव्हा मुलगी आपणहून तिसऱ्या बाकापाशी गेली. छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवले होते की कोणाला जवळ या, हसा, असे म्हणू नकोस. तरी त्याने एक छायाचित्र काढलेच. आईने ते अल्बममध्ये लावले आहे. त्यात ती स्वतः नाही. दाराशी उभी राहून ती पाळकसाहेबांशी हॉलच्या किल्ल्यांविषयी बोलत होती, असे तिने पत्रात लिहिले आहे.